प्रमाण कोणाचे?

‘प्रमाण’ या शब्दावर आमचा संसार चालला, असे म्हटले तर ते फारसे खोटे ठरणार नाही. आम्ही दोघांनीही तीस वर्षांच्या आसपास अमरावतीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मराठी शिकवले. प्रमाण म्हणजे मोजून आलेली मात्रा, प्रमाण म्हणजे ज्ञानाचे साधन, आणि प्रमाण म्हणजे ज्याच्याशी ताडून इतरांचे बरेवाईट ठरवायचे तो नमुना, हे तिन्ही अर्थ आम्ही फळ्यावर कितीदा लिहिले असतील. हे तीन अर्थ एकाच शब्दात नांदत असल्यामुळे माणसाची फसगत कशी होते, हे मात्र आम्हांला निवृत्तीनंतर कळले. २०२२ च्या सप्टेंबरात, अकोल्याच्या एका रुग्णालयाच्या जिन्यात, हातात रक्ततपासणीचा कागद घेऊन आम्ही उभे होतो. कागद आमच्या नातीचा होता. ती तेव्हा दोन दिवसांची होती आणि तिला अजून नावही नव्हते.

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा रिवाज. सातवा सरला की लेकीला अमरावतीस आणायचे, असे विहीणबाईंशी बोलून ठरले होते. परंतु आठवा लागता लागता तिचा रक्तदाब चढू लागला. पायांवर सूज आली, औषधांनी दाब आटोक्यात येईना, आणि एका संध्याकाळी जावयांचा फोन आला की डॉक्टर उद्या सकाळपलीकडे थांबायला तयार नाहीत. बत्तीस आठवडे पूर्ण झाले होते. आम्ही रात्रीच निघालो. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू हा रस्ता आमच्या पायाखालचा. त्याच वर्षीच्या जूनमध्ये याच महामार्गाचा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज बुकात नोंद झाली होती. त्या विक्रमी रस्त्यावरून जाताना गाडी जराही हादरत नव्हती. हादरत होतो आम्हीच.

भीतीचे एक कारण वैद्यकातले नव्हते. ते आमच्या कानांत लहानपणापासून बसलेले होते. सातमाशी मूल जगते, आठमाशी जगत नाही, असे आपल्याकडे घरोघर सांगत. चरक आणि सुश्रुत यांच्या शारीरस्थानात या समजुतीला आधारही सापडतो: आठव्या महिन्यात ओज मातेकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून मातेकडे ये-जा करीत असते, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा. गंमत अशी की हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथसमूहातही आठमाशा गर्भावर स्वतंत्र लेखन आहे आणि त्याचाही निष्कर्ष जवळपास हाच आहे. दोन प्राचीन संस्कृतींची साक्ष एकमेकींशी जुळली की आमच्यासारख्या ग्रंथजीवी माणसांना ती सत्यासारखी भासू लागते. वस्तुतः आजचे वैद्यक सांगते ते अगदी साधे आहे. गर्भाशयात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या पथ्यावर पडतो आणि आठवा महिना सातव्याहून केव्हाही बरा. तरीही मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही. दोघांच्याही मनात एकच आकडा होता आणि तो चुकीचा होता.

सकाळी मुलगी झाली. वजन १,६२० ग्रॅम. रडली. श्वासाला पहिले काही तास थोडा आधार लागला, मग तोही काढला. तिला उबेच्या पेटीत ठेवले आणि लेकीचे दूध काढून नळीने थोडे थोडे देऊ लागले. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, “दिवस अपुरे आहेत, पण बाळ निरोगी आहे.” या वाक्यातले ‘पण’ आम्हांला व्याकरणदृष्ट्या खटकले. अपुरे आणि निरोगी ही विशेषणे एकाच नामाला कशी लागावीत? तो प्रश्न तेव्हा गिळला.

दुसऱ्या दिवशी तो कागद आला. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी यांच्या ओळी ओलांडून आमची नजर एका ठळक छापलेल्या ओळीवर थांबली. प्लेटलेट: १,१४,०००. शेजारी एक चांदणी. उजवीकडच्या रकान्यात ‘प्रमाण’: १,५०,००० ते ४,५०,०००. चांदणीचा अर्थ तळाशी दिला होता, ‘प्रमाणापेक्षा कमी’.

प्लेटलेट हा शब्द वऱ्हाडात आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तो आम्हांला डेंग्यूने शिकवला. पावसाळा ओसरला की गावागावांत ‘प्लेटलेट किती?’ हा प्रश्न ‘पाऊस किती?’ इतक्याच सहजपणे विचारला जातो. परिभाषेतला ‘बिंबाणू’ हा शब्द कोशातच राहिला आणि ज्या माणसाने कधी सूक्ष्मदर्शकात डोकावले नाही तोही ‘वीस हजारांवर आल्या’ हे वाक्य दबलेल्या आवाजात उच्चारायला शिकला. त्यामुळे आमच्या तोंडून आकडा बाहेर पडताच पाहुण्यांचे मंडळ कामाला लागले. जावयांच्या मित्रांनी रक्तदात्यांची यादी केली. कोणी नागपूरला हलवण्याचा विषय काढला. एका हितचिंतकांनी पपईच्या पानांचा रस सुचवला आणि तो कोवळ्या पानांचाच असावा, अशी पुस्तीही जोडली. दोन दिवसांच्या, १,६२० ग्रॅम वजनाच्या, आईच्या दुधाशिवाय काहीही पोटात जाऊ नये अशा बाळासाठी ही सूचना होती. रागावण्यात अर्थ नव्हता. त्या माणसाने डेंग्यूत स्वतःचा भाऊ गमावला होता.

अविचल होत्या त्या फक्त विहीणबाई. त्या खास वऱ्हाडी बोलतात आणि आमच्यासमोरही ती बोली आवरत नाहीत. काचेपलीकडे पाहत त्या म्हणाल्या, “कागदाकडं काय पाहून रायले तुमी? लेकराकडं पाहा नं. दूध पचून रायलं, लघवी करून रायलं, हातपाय हालवून रायलं. अजून काय पाह्यजे तुमाले?” आम्हांला ते बोलणे अडाणी वाटले, हे आज कबूल करायला हवे. हातात छापील पुरावा असताना ही बाई डोळ्यांनी काय पाहते, असे मनात आले.

संध्याकाळी डॉक्टर भेटले तेव्हा आम्ही कागद त्यांच्यापुढे धरला आणि चांदणीवर बोट ठेवले. त्यांनी तो हातात घेतला नाही. ते म्हणाले, “सर, मॅडम, कागदावर उजवीकडे जे प्रमाण छापले आहे ते कोणाचे आहे, हे विचारा.” आम्ही गोंधळलो. ते म्हणाले, “ते तुमचे आहे. तुमचे, माझे. यंत्राच्या छापील साच्यात मोठ्या माणसाच्या मर्यादा भरलेल्या असतात. बाळाचा कागदही त्याच साच्यातून बाहेर पडतो.”

मग त्यांनी खुर्च्या दिल्या आणि समजावून सांगितले. पुढे आम्हीही शिक्षकी खोडीने वाचून खात्री करून घेतली, ते सारे थोडक्यात असे. रक्त गोठण्यास मदत करणारे हे सूक्ष्म कण म्हणजे पूर्ण पेशी नव्हेत. अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे ते तुकडे असतात आणि जेमतेम आठवडा-दहा दिवस टिकतात. इटलीच्या तुरीन शहरातल्या जूलिओ बिझोझेरो याने १८८२ साली त्यांचे कार्य ओळखले. गर्भाच्या रक्तातल्या प्लेटलेटची संख्या दिवस निम्मे भरण्याच्या सुमारासच सरासरीने दीड लाखाच्या वर जाते, असे आढळल्यामुळे दीर्घकाळ असे धरून चालले होते की मूल कितीही अपुऱ्या दिवसांचे असो, दीड लाखाची रेघ त्यालाही लागू. २००९ साली अमेरिकेतील एका रुग्णालयसमूहाच्या ४७ हजारांहून अधिक नवजात बालकांच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या. तेव्हा दिसले की सरासरी जरी दोन लाखांच्या वर असली तरी खालची मर्यादा दीड लाखाच्या बरीच खाली आहे. शंभरांतली तळाची पाच बाळे बाजूला ठेवली तर बत्तीस आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्यांची खालची मर्यादा येते सुमारे १,०४,००० आणि त्याहून उशिरा जन्मलेल्यांची सुमारे १,२३,०००. आमची नात १,१४,००० वर होती. म्हणजे आपल्या भावंडांच्या रांगेत ती मागच्या बाजूला, परंतु रांगेतच उभी होती. रांगेबाहेर ती फक्त आमच्या रांगेच्या होती.

“तरीही मी स्वस्थ बसलेलो नाही,” डॉक्टर म्हणाले. आईचा रक्तदाब वाढलेला असला की वारेचा रक्तपुरवठा उणावतो आणि अशा बाळांच्या प्लेटलेट पहिल्या काही दिवसांत उतरतात. चौथ्या दिवसाच्या सुमारास तळ गाठतात आणि बहुधा दहाव्यापर्यंत आपोआप वर येतात. हे कारण ठाऊक होते, म्हणूनच तपासणी केली होती. मात्र पहिले तीन दिवस उलटल्यावर नव्याने एकाएकी घसरण झाली, बाळ मलूल झाले, दूध पचेना, तर तो जंतुसंसर्गाचा इशारा असू शकतो आणि तेथे क्षणाचाही विलंब चालत नाही. तोच आकडा, परंतु कोणत्या दिवशी आला, कोणत्या बाळात आला आणि कोणत्या दिशेने चालला आहे, यावर त्याचा अर्थ अवलंबून. संदर्भावाचून अर्थ नाही, हे आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो आणि आता एका बालरोगतज्ज्ञाकडून ऐकत होतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली होती. यंत्राचा आकडा येताच त्यांनी प्रयोगशाळेला रक्ताची काचपट्टी डोळ्यांनी पाहायला सांगितले होते. कारण नळीतल्या औषधामुळे कधी कधी प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, टाचेतून रक्त थेंबाथेंबाने घेताना ते नळीतच गोठू लागते, आणि यंत्र त्या गुठळीला मोजतच नाही. बाळाच्या कातडीवर लाल ठिपके आहेत का, हेही त्यांनी प्रकाशात धरून पाहिले होते. न्यायशास्त्रातली चार प्रमाणे आम्ही पाठ म्हणून दाखवू शकतो: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. त्या संध्याकाळी लक्षात आले की आम्ही केवळ शब्दप्रमाणावर, तेही एका यंत्राच्या शब्दावर, विसंबलो होतो आणि विहीणबाई प्रत्यक्षावर उभ्या होत्या. डॉक्टरांना दोन्ही लागत होती. एकटे प्रत्यक्षही पुरत नाही, हे सांगायला ते विसरले नाहीत. चांगले दिसणारे बाळ काही तासांत बिघडू शकते. आजींचे निरीक्षण मोलाचे, पण आजी रात्री दोन वाजता जाग्या नसतात.

“मग सरळ निरोगी अपुऱ्या बाळांचे प्रमाण का छापत नाहीत?” आम्ही विचारले. डॉक्टर हसले. “निरोगी बाळाचे रक्त काढायला मला कोण परवानगी देईल? आणि मी तरी का काढावे?” १,६२० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून रक्त असते साधारण एक चहाचा कप, दीडशे मिलिलिटरच्या आतबाहेर. त्यातले एक मिलिलिटर काढणे म्हणजे मोठ्या माणसाचे पस्तीसेक मिलिलिटर काढण्यासारखे. त्यामुळे ज्याच्याविषयी काही शंका आहे, त्याचेच रक्त तपासले जाते. जे बाळ धडधाकट आहे, ते आकडेवारीत उतरतच नाही. म्हणूनच जाणकार या मर्यादांना ‘निरोगी’ म्हणत नाहीत, ‘संदर्भमर्यादा’ म्हणतात. ज्यांना टोचावे लागले, त्यांच्यापासून बनलेला तो संदर्भ. निरोगी अपुऱ्या बाळाचे खरे प्रमाण कुठेतरी आहे, परंतु ते आपल्यापर्यंत पोचते ते फक्त सावलीसारखे.

हे ऐकताना आम्हांला रिद्धपूर आठवले. अमरावती जिल्ह्यातलेच हे गाव. महानुभावांची काशी, आणि आता तेथे मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा माणसे शोधून, विचारून, पडताळून जमवल्या. परंपरा सांगते की ती मूळ पोथी पुढे धाडीत गेली आणि मग ज्यांना ज्या लीळा आठवत होत्या त्या त्यांनी पुन्हा सांगितल्या. त्यातून पाठ निर्माण झाले आणि पाठभेदही. आज आपण लीळाचरित्राच्या आधारे तेराव्या शतकातल्या मराठीचे ‘प्रमाण’ ठरवतो. परंतु त्या शतकात वऱ्हाडात जे कोणी बोलले आणि ज्यांचे बोलणे कोणी लिहून घेतले नाही, त्यांची मराठी कोणत्या रकान्यात घालायची? जे हाती उरले त्यावरून आपण जे होते त्याचे प्रमाण बांधतो. यात लबाडी नाही, दुसरा इलाजही नाही. फक्त ते विसरायचे नाही, एवढेच.

असो. चौथ्या दिवशी दुसरा कागद आला. ९६,०००. आता ती त्या दुसऱ्या रांगेच्याही बाहेर गेली होती. काल ऐकलेले सारे शहाणपण आमच्या पायांखालून निघून गेले. जावई म्हणाले, “दाते तयार आहेत, प्लेटलेट देऊनच टाका ना.” आम्हीही तेच म्हणणार होतो. काहीतरी केले पाहिजे, ही भावना प्रेमातूनच येते आणि म्हणून तिच्याशी वाद घालता येत नाही.

डॉक्टरांनी नकार दिला आणि नकाराचे कारणही दिले. तोवर पुष्कळ ठिकाणी आकडा पडला की प्लेटलेट चढवायच्या, अशी रीत होती. त्या रीतीची परीक्षा ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्स येथील रुग्णालयांनी मिळून घेतली. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेली, आणि ज्यांच्या प्लेटलेट पन्नास हजारांच्याही खाली गेल्या आहेत अशी ६६० बाळे. निम्म्यांना पन्नास हजारांखाली जाताच प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना पंचवीस हजारांखाली गेल्यावरच. अपेक्षा अशी की लवकर दिलेल्यांचा रक्तस्राव टळेल. २०१८ च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो उलटा होता. लवकर दिलेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव झाला २६ टक्के बाळांत, थांबलेल्या गटात १९ टक्क्यांत. आकडा सुधारला आणि बाळे अधिक गमावली. मोठ्या माणसाच्या प्लेटलेट अपुऱ्या बाळाच्या रक्तात जाऊन काय करतात, याचा उलगडा संशोधक अजून करीत आहेत. एवढे मात्र ठाऊक आहे की नवजात बाळाच्या प्लेटलेट जरा मंद चालीच्या असल्या तरी त्याच्या रक्तातले इतर घटक ती उणीव भरून काढतात. त्याचा तोल त्याचा स्वतःचा असतो. आपला तोल त्यावर लादला की तो ढळू शकतो.

“शहाण्णव हजार म्हणजे पंचवीस हजारांपासून फार दूर,” ते म्हणाले. “बाळ चांगले आहे. मी परवा पाहीन. तोवर आईला कामाला लावू.” आणि त्यांनी लेकीला आरामखुर्चीत बसवून बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवले, वर शाल पांघरली. कांगारूसारखी ही रीत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाअखेरीस उबेच्या पेट्या पुरेनात म्हणून सुरू झाली आणि आता जगभर स्वीकारली गेली आहे. तीन तास बाळ तेथे निजले. विहीणबाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, “आता कसं बरं वाटते पाहाले!” या वेळी ते बोलणे आम्हांला अडाणी वाटले नाही.

त्या दोन दिवसांत आम्हांला वारंवार मेळघाट आठवत राहिला. धारणी आणि चिखलदरा हे तालुके आमच्याच जिल्ह्यातले. १९९० च्या दशकात तेथल्या बालमृत्यूंच्या बातम्या अमरावतीच्या वर्तमानपत्रांत येत आणि आम्ही त्या वाचून, हळहळून, तासाला जात असू. वऱ्हाडाच्या पूर्वेला गडचिरोलीत त्याच दशकात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले: बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, अंगावरचे दूध पाजवणे, श्वास अडला तर मदत करणे आणि संसर्गाची लक्षणे दिसताच औषध देणे. तीन वर्षांत तेथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, असा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्या स्त्रियांपाशी प्लेटलेट मोजण्याचे यंत्र नव्हते. वजनकाटा, तापमापक, घड्याळ आणि बाळाकडे पाहण्याची शिकवलेली नजर होती. जगात २०२० साली अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या भारतात. त्यांतल्या बहुसंख्यांच्या आयुष्यात चांदणीचा कागद कधी येत नाही. त्यांना नेतात थंडी, जंतू आणि अडलेला श्वास. आमच्या नातीला कागद मिळाला, हे तिचे भाग्य. तो कागद कसा वाचायचा हे जाणणारा माणूसही तिला मिळाला. त्याच्यावाचून पहिल्या भाग्याचे काय झाले असते, हे सांगता येत नाही.

सहाव्या दिवशी आकडा एक लाखावर आला. दहाव्या दिवशी १,६८,०००, आणि कागदावर पहिल्यांदाच चांदणी नव्हती. आम्ही पेढे वाटले. घरी सोडण्यापूर्वी तिसऱ्या आठवड्यात अखेरची तपासणी झाली. ४,८०,०००. आणि चांदणी पुन्हा हजर, या खेपेस ‘प्रमाणापेक्षा जास्त’! आम्ही डॉक्टरांकडे पाहिले आणि या वेळी हसू आम्हांलाच आधी आले. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नवजात बाळाच्या प्लेटलेट उसळी घेतात, पुढे सहाव्या-सातव्या आठवड्यात पुन्हा एकदा घेतात, आणि त्या काळात साडेसात लाखांपर्यंतचा आकडाही त्यांच्या रांगेत बसतो, हे त्यांनी आम्हांला आधीच सांगून ठेवले होते. एकवीस दिवसांत आमची नात आधी उणी ठरली आणि मग अधिक ठरली. ती स्वतः मात्र आपल्या वाटेने, आपल्या वयाच्या चालीने सरळ चालली होती. वाकडी होती ती शेजारी ठेवलेली पट्टी.

अमरावतीस परतल्यावर एक जुनी आठवण आम्हांला छळू लागली. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूरकडून आलेली मुले उत्तरपत्रिकेत ‘मला’ ऐवजी ‘मले’ लिहीत, ‘आहे’ ऐवजी ‘हाये’ लिहीत, आणि आम्ही त्या शब्दांभोवती तांबडे वर्तुळ काढीत असू. त्याच वर्गात उद्धव शेळक्यांची ‘धग’ शिकवताना वऱ्हाडीच्या सामर्थ्यावर आम्ही तास रंगवीत असू. १९६० साली आलेल्या त्या कादंबरीत कौतिकचे दुःख तिच्याच बोलीत येते म्हणून ते आपल्याला भिडते, हे सांगताना आमचा कंठ दाटून येई. आणि तास संपल्यावर कौतिकच्या गावाकडची मुले तिच्या बोलीत लिहीत, तेव्हा आम्ही गुण कापत असू. ते वर्तुळ आणि ही चांदणी यांत काही फरक आहे का?

फरक आहे, असे आमच्यांपैकी एकाचे मत आहे. परीक्षा प्रमाणभाषेची होती, नोकरी प्रमाणभाषेत मिळते, आणि शिक्षकाने मुलाला त्या रांगेत उभे राहायला शिकवलेच पाहिजे. दुसऱ्याचे म्हणणे असे की वर्तुळ काढण्याला हरकत नव्हती. हरकत आहे ती वर्तुळाशेजारी काय लिहिले याला. आम्ही ‘अशुद्ध’ असे लिहीत असू. ‘ही वऱ्हाडी चतुर्थी आहे, प्रमाणभाषेत येथे असे रूप येते’ असे लिहायला अर्धी ओळ अधिक लागली असती. ती अर्धी ओळ आम्ही तीस वर्षांत लिहिली नाही. यंत्र लिहीत नाही, कारण त्याला कोणी शिकवलेले नसते. आम्हांला शिकवलेले होते. त्या मुलांपैकी किती जण त्या तांबड्या शब्दानंतर वर्गात बोलायचे थांबले, याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

आकड्यांवर आमचा राग नाही. आकडा नसता तर डॉक्टरांना बाळाची चाल कळली नसती, आणि ४७ हजार बाळांच्या नोंदी कोणी कष्टाने मांडल्या नसत्या तर दीड लाखाची रेघ आजही सर्वांच्या माथी बसली असती. चुकीचे प्रमाण दूर झाले ते अधिक काळजीने केलेल्या मोजणीनेच. आम्ही एवढेच शिकलो की कोणाला उणे म्हणण्याआधी उजवीकडच्या रकान्यात कोण उभे आहे, हे विचारावे.

नात आता बालवाडीत जाते. तिचे कागद लेकीने एका पिशवीत जपून ठेवले आहेत. गेल्या दिवाळीत ती आजोळी आली होती, तेव्हा ताटातल्या अनारशाकडे बोट दाखवून म्हणाली, “मले दे.” आमच्यांपैकी एकाने सवयीने म्हटले, “मला दे, म्हणावे.” दुसऱ्याने काही न बोलता अनारसा दिला. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि खायला सुरुवात केली. त्या रात्री आम्ही दोघांनी या गोष्टीवर बराच वेळ वाद घातला. तो अजून मिटलेला नाही.